दोन किलोंच्या आतली बाळं, अठराव्या वर्षापर्यंत

सातव्या-आठव्या महिन्यात झालेलं बाळ जगलं, वाचलं, की घरच्यांच्या लेखी गोष्ट तिथेच संपायची. दवाखान्याच्या नोंदीही फारशा पुढे जात नसत. अडीच किलोंच्या आतलं प्रत्येक मूल ‘अपुऱ्या दिवसांचं’ धरलं जाई. दिवस पूर्ण भरूनही पोटात वाढ खुंटलेली बाळं निराळी, हे ध्यानात आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९६१ मध्ये त्याऐवजी ‘कमी जन्मवजन’ हा शब्द घेतला. आपल्याकडे हा फरक मोठाच, कारण कमी वजनाच्या आपल्या बाळांत दिवस भरलेलीही पुष्कळ.

अशा बाळांचं पुढे काय होतं, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांनी चिकाटीने पाहिलं. १९८७ ते १९८९ या काळात नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेली, २००० ग्रॅमच्या आतली बाळं त्यांच्या गटाने पाठपुराव्याला घेतली. अठराव्या वर्षापर्यंत मुलं आणि त्यांचे पालक परत परत तपासणीला येत राहिले. आपल्याकडे पत्ते किती बदलतात ते पाहता हे सोपं नव्हे.

विकास मोजायला पट्टीही इथली हवी होती. अमेरिकेतली बेली चाचणी बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांवर पारखून घेतली. तिच्यातून ६७ हालचालींच्या आणि १६३ बौद्धिक बाबींची मापनश्रेणी तयार झाली. पण ती लावायला प्रशिक्षित माणूस आणि निवांत वेळ लागतो. म्हणून १९९१ मध्ये त्रिवेंद्रमचा सतरा बाबींचा तक्ता आला. बाळाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. तिच्या डावीकडचं, म्हणजे त्या वयापर्यंत यायला हवं असलेलं, काही बाळाला जमत नसेल, तर पुढे तपासायचं. मूल अपुऱ्या दिवसांचं असेल तर आधी वय दुरुस्त करायचं: बत्तिसाव्या आठवड्यात झालेल्या बाळाचे आठ आठवडे वजा. हे विसरलं तर चांगलं बाळही मागे पडलेलं दिसतं.

मात्र अशा चाळणीत सापडतं ते ढोबळ: मान न धरणं, हातापायांचा ताठरपणा, ऐकू न येणं. पुण्याची मुलं बारा वर्षांची झाली तेव्हा त्यांचा सरासरी बुद्ध्यांक ८९.५ होता, तुलनेला घेतलेल्या मुलांचा ९७.२. म्हणजे सर्वसाधारण मर्यादेतच; पण वाचन, गणित आणि डोळा-हाताचा मेळ यांत ती अडखळत होती. वेळेवर चालायला लागलेलं मूल तिसरी-चौथीत फळ्यावरचं उतरवून घेताना अडतं, तेव्हा त्याला आळशी म्हणून मोकळं होणं सोपं असतं. याच तपासणीत बुद्ध्यांकाशी ठळक नातं दिसलं ते आईच्या शिक्षणाचं. मला या अभ्यासातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची तपासणी सरकारी कामात आली. पुण्यातली ती बाळं तोवर पंचविशीला टेकली होती.