भिडूशी बोलायचं, पण पंधराच शब्दांत: ब्रिजमधल्या बोलीची पार्श्वभूमी

मागच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. नागपूरच्या धरमपेठेत काकाजींच्या हॉलमध्ये कूलर फुल स्पीडवर, बाहेर ४५ डिग्री, आणि मी ब्रिजच्या डावात एक नो ट्रम्प बोललो, म्हणजे कुठलाच रंग हुकूम नाही आणि सहाच्या वर एक हात करणार; मोठ्या पानांचे पंधरा पॉइंट होते, त्यात दोन एक्के. समोरून काकाजी थेट चार नो ट्रम्प. मला वाटलं एक्के विचारून राहिले, म्हणून मी पाच बदाम म्हटलं, ठरलेल्या उत्तरांत त्याचा अर्थ दोन आहेत. त्यांना वाटलं मी होकार देऊन राहिलो आणि वर बदामाचा चांगला रंगपण दाखवून राहिलो, ते गेले सहा नो ट्रम्पला आणि आम्ही एकानं डाऊन, म्हणजे बोललो त्यापेक्षा एक हात कमी. काकाजींनी पत्ते गोळा केले, पुढचा डाव पिसायला घेतला, एक शब्द नाही. बोलले ते चहाच्या वेळी, "बाबू, ते एक्के नव्हते विचारले. तुझ्याकडे वरचे पॉइंट असले तर सहा बोल, नसले तर पास, एवढंच विचारलं होतं."

ही जी टेबलावरची शांतता आहे ना, ती उगाच नाही. तिच्यामागे मोठा इतिहास आहे.

ब्रिजचा पूर्वज व्हिस्ट. त्यात चार जण, दोन जोड्या, पण बोली नाहीच, वाटणाऱ्याचं शेवटचं पान उलटायचं आणि तो रंग हुकूम. आपल्या मेंढीकोटासारखंच, भिडूला काही सांगायचं तर पानातूनच सांगा. बोली लावायची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑक्शन ब्रिजमध्ये आली, पण खरा बदल केला हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी, १९२५ मध्ये, पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर. त्यांनी गुण मोजायची अशी पद्धत बसवली की जितकं बोललात तितकंच गेमसाठी, म्हणजे ठरलेले गुण पुरे करून एक फेरी जिंकण्यासाठी, धरायचं, जास्तीचे हात झाले तरी ते गेममध्ये नाही. ऑक्शनमध्ये दोन बोलून चार केले तरी चालायचं, इथे चार बोलावेच लागतात. म्हणजे भिडूच्या हातात काय आहे ते बोलीतूनच कळायला पाहिजे, आणि त्यासाठी शब्द किती, तर एक ते सात आकडे, चार रंग, नो ट्रम्प, पास, डबल, रिडबल. पंधरा शब्द! त्यातून ३८ बोल्या होतात, आणि तेरा पानांचं वर्णन त्यातच बसवायचं. गैरसमज होणारच होते.

डबलचंच घ्या. मूळ अर्थ, तुमचं होत नाही, मी दंड वाढवतो. मग ऑक्शनच्या काळातच त्याला दुसरा अर्थ चिकटला, भिडू, तुझा रंग सांग. शब्द एकच, अर्थ उलटे, आणि मग आवाज चढवून म्हटलं की दंडाचं आणि हळू म्हटलं की विचारणा, हा मोह कोणालाही होईल. म्हणून सगळ्या बोल्या एकाच सुरात, हा शिष्टाचार फार महत्त्वाचा आहे.

चिडणं कुठवर गेलं त्याचं सगळ्यात वाईट उदाहरण १९२९ चं, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचं. बेनेट नवरा-बायको भिडू होते, नवऱ्याचे चार इस्पिक डाऊन गेले, भांडण झालं, त्याने तिला मारलं, आणि तिने पिस्तूल काढून त्याला गोळ्या घातल्या, तो गेला. १९३१ मध्ये ती निर्दोष सुटली. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये एली कल्बर्टसन विरुद्ध सिडनी लेंझ असा १५० रबरांचा (दोन गेम जिंकले की एक रबर) सामना सुरू झाला, भांडण होतं कोणाची बोलीपद्धत बरोबर याचं. मला यात हारजीतपेक्षा लेंझच्या भिडूची गोष्ट जास्त लागते. ऑस्वाल्ड जेकोबी, वय २९, लेंझ ५८ चे. लेंझ त्याच्या बोल्यांवर सगळ्यांसमोर टीका करायचे, आणि १०३ रबर झाल्यावर जेकोबी उठून गेला. सामना अर्ध्याच्या पुढे गेलेला, तरी. शेवटी कल्बर्टसन जिंकले, आणि जेकोबी पुढे जगातल्या मोठ्या खेळाडूंमध्ये गणला गेला.

याच काळात गैरसमज टाळायला ठरलेल्या बोल्या आल्या. विमा कंपनीत काम करणाऱ्या ईझली ब्लॅकवुड यांनी १९३३ मध्ये चार नो ट्रम्प म्हणजे एक्के किती, हा प्रश्न बसवला, ब्रिजच्या मासिकाने आधी तो नाकारला होता, आज जगभर तो चालतो.

मग दुसरा त्रास, खुणांचा. १९६५ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या जागतिक स्पर्धेत रीस आणि शापिरो या ब्रिटिश जोडीवर बोटांनी बदामाची संख्या सांगितल्याचा आरोप झाला, जागतिक संघटनेने दोषी धरलं, ब्रिटनमधल्या चौकशीने सोडलं. १९७५ मध्ये भिडू दिसू नये म्हणून टेबलावर आडवा पडदा आला तर त्याच स्पर्धेत एका इटालियन जोडीवर टेबलाखालून पायाने खुणा केल्याचा ठपका. बोलीचे डबेपण स्वीडनमधून आले, तोंडाने बोलायचंच नाही, कार्ड काढून ठेवायचं, मग सूर राहतोच कुठे.

नियमांत एक बारीक फरक आहे जो आपल्याकडे बऱ्याच टेबलांवर माहीत नसतो, आणि मला तो फार न्यायाचा वाटतो. चुकीची बोली लावणं गुन्हा नाही. भिडूने तुमच्या बोलीचा ठरलेला अर्थ प्रतिस्पर्ध्यांना बरोबर सांगितला आणि तुम्हीच विसरलेले असाल, तर त्यांना भरपाई मिळत नाही. पण भिडूनेच चुकीचा अर्थ सांगितला तर बोली संपेपर्यंत तुम्ही चेहऱ्यावरही आणायचं नाही, आणि बचावात असाल, म्हणजे बोली समोरच्या जोडीने जिंकली असेल, तर पूर्ण डाव संपेपर्यंत गप्प. भिडूचा सुस्कारा, लांबलेला विचार, कपाळावरची आठी, यातून कळलेलं वापरायचं नाही.

त्या दिवशी चहा झाल्यावर काकाजींनी गुणांच्या कागदामागे लिहून दिलं. एक नो ट्रम्पवर थेट चार नो ट्रम्प, एक्के नाहीत. एक्के विचारायचे तर चार किलवर, ही जॉन गर्बर यांची १९३८ ची पद्धत, म्हणजे हा घोळ होत नाही. कागद माझ्या पाकिटात आहे, घामाने शाई थोडी पसरली, पण वाचता येते.