स्टार्टअप प्रोग्रॅम

कॉम्प्युटर चालू केल्यावर आपण कशालाही हात न लावता जे प्रोग्रॅम आपोआप सुरू होतात ते स्टार्टअप प्रोग्रॅम, आणि त्यातले कुठले ठेवायचे नि कुठले बंद करायचे हे आपल्या हातात असतं, फक्त बहुतेक लोक तिथे कधी जातच नाहीत. प्रकार जुनाच आहे, विंडोजच्या आधीच्या डॉस ह्या सिस्टिमच्या काळात ऑटोएक्झेक.बॅट नावाची फाईल असायची, तिच्यातल्या कमांड मशीन उघडताच ओळीने चालायच्या. विंडोजमध्ये मात्र आत शिरायच्या वाटा बऱ्याच: स्टार्टअप फोल्डर, रजिस्ट्रीतली (म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली) 'रन' नावाची नोंद, ठरल्या वेळी कामं चालवणारा टास्क शेड्युलर, वर पडद्यामागे चालणाऱ्या सर्व्हिसेस. म्हणून फोल्डर रिकामा दिसला तरी घड्याळाशेजारी पाच-सहा आयकॉन येऊन बसतातच.

गोव्यात ह्याचा खरा वैताग पावसात. लाईट गेली की यूपीएस नसलेलं मशीन बंद, आली की परत पहिल्यापासून. फोंड्याला ओळखीच्या एका झेरॉक्सच्या दुकानात जुना हार्ड डिस्कवाला पीसी होता, डेस्कटॉप दिसायचा पण माऊसचं चक्र फिरतंय ते फिरतंय, आणि गिऱ्हाईक पेनड्राईव्ह हातात घेऊन उभं. सगळे प्रोग्रॅम एकदम डिस्क वाचायला धावतात ना, त्यामुळे. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, असली की एवढं जाणवत नाही.

पूर्वी, म्हणजे विंडोज ९८ आणि एक्सपीत, ह्यासाठी एमएसकॉन्फिग हे विंडोजमधलंच टूल उघडायचे. २०१२ च्या विंडोज ८ पासून यादी टास्क मॅनेजरमध्ये आली: कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, स्टार्टअप टॅब, नावावर राईट क्लिक, डिसेबल. डिसेबल म्हणजे डिलीट नव्हे, लोक उगाच घाबरतात, प्रोग्रॅम जागेवरच असतो, लागेल तेव्हा उघडायचा. शेजारी इम्पॅक्टचा, म्हणजे मशीनवर किती भार पडतो त्याचा, कॉलम असतो, त्यात 'हाय' म्हणजे सुरू होताना सीपीयूचा १ सेकंदापेक्षा जास्त वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचणं-लिहिणं. अगदी खोलात जायचं तर मार्क रुसिनोविच ह्यांच्या सिसइंटर्नल्स ह्या विंडोजच्या टूल्सच्या संचातलं ऑटोरन्स आहे, ते आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी दाखवतं, पण त्यातली यादी बघून नवख्याला घाम फुटतो. मॅकमध्ये हेच लॉगिन आयटम्स.

अँटीव्हायरस आणि टचपॅडचं काही असेल तर त्याला हात लावू नये. आम्ही त्या दुकानात जोशात सगळंच डिसेबल केलं, मशीन झटक्यात उघडलं, आणि सकाळी पहिलंच गिऱ्हाईक पंचायतीत द्यायचा अर्ज मराठीत टाईप करून घ्यायला आलं तर देवनागरी उमटेचना, कीबोर्डचं सॉफ्टवेअरही त्याच यादीत होतं. तेवढं एक परत एनेबल केलं. मीटिंगवालं आणि गेमवालं अजून बंदच आहे, कोणी विचारलंसुद्धा नाही.