माहुलच्या टाक्यांचा श्वासोच्छ्वास

हिवाळा सुरू झाला की मुंबईच्या हवेच्या निर्देशांकाची चर्चा सुरू होते आणि माहुल-चेंबूरचा आकडा एखाद्या दिवशी ‘समाधानकारक’ निघाला, की तिथल्या रहिवाशांच्या तक्रारी अतिरंजित ठरवल्या जातात. हा निष्कर्ष चुकीचा आहे. आपला निर्देशांक आठ प्रदूषकांवर बेतलेला आहे: दोन आकारांचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. तेलशुद्धीकरण कारखान्याच्या शेजारी ज्यांची खरी काळजी वाटावी, ती बेंझिन, टोल्युइन, झायलीन ही बाष्पनशील, म्हणजे सहज वाफ होणारी, सेंद्रिय संयुगे या यादीत नाहीत. रक्ताचा कर्करोग घडवू शकणाऱ्या बेंझिनसाठी २००९ पासून वार्षिक सरासरी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम अशी राष्ट्रीय मर्यादा आहे, पण निर्देशांकाच्या हिशेबात ती येत नाही.

माहुलला १९५०च्या दशकात दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले आणि कालांतराने आसपास रसायनांच्या साठवण टाक्याही आल्या. ऑगस्ट २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने या संयुगांच्या प्रदूषणासाठी चार कंपन्यांना जबाबदार धरले, त्यांतल्या दोन शुद्धीकरणाच्या होत्या आणि दोन निव्वळ साठवणुकीच्या. जिथे काही जाळले किंवा उकळले जात नाही, तिथून प्रदूषण कसे होते? येणाऱ्या-जाणाऱ्याचे लक्ष उंच धुरांड्यावरच्या ज्वाळेकडे जाते, पण ती नीट जळत असेल तर तिच्यात बहुतेक हायड्रोकार्बनांचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन जाते. न जळलेली वाफ झडपांतून, पंपांतून, सांडपाण्याच्या तळ्यांतून आणि टाक्यांतून निसटते.

टाकीचे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. पक्क्या छपराच्या टाकीत बेंझिन अर्धे भरले आहे असे समजू. वरची अर्धी जागा रिकामी दिसते, पण तिथे हवा आणि बेंझिनची वाफ असते. २० अंश सेल्सिअसला बेंझिनचा बाष्पदाब, म्हणजे द्रवातून निघालेल्या वाफेचा दाब, वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक दशांश असतो आणि ३५ अंशांना तो जवळजवळ दुप्पट होतो. निव्वळ हवा या पंधरा अंशांत केवळ पाच टक्के प्रसरण पावली असती. इथे मात्र नव्याने तयार झालेली वाफही जागा मागते, त्यामुळे आतला दाब वाढतो, छपरावरची झडप उघडते आणि आधीच्या हवेपैकी सुमारे पंधरा टक्के हवा वाफेला सोबत घेऊन बाहेर पडते. (द्रव हळू तापतो, म्हणून प्रत्यक्षातला आकडा याहून कमी असतो, दिशा मात्र हीच.) रात्री टाकी थंड होते, वाफेचे पुन्हा द्रव होते, दाब घटतो आणि टाकी बाहेरची कोरी हवा आत ओढते. दुसऱ्या दिवशी तीच हवा वाफेने भरून बाहेर जाते. टाकीत भर घालताना तर दिवस-रात्रीचाही प्रश्न उरत नाही: जितके लिटर द्रव आत, तितके लिटर वाफमिश्रित हवा बाहेर.

२० अंशांना बेंझिनच्या वाफेने संपृक्त अशा एक घनमीटर हवेत सुमारे ३२० ग्रॅम बेंझिन असते. ते ५ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपर्यंत विरळ करायला सहा कोटी घनमीटरांहून अधिक स्वच्छ हवा लागेल. वारा वाहता असेल तर ती मिळते. थंडीच्या रात्री जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचे झाकण बसते, तेव्हा मिळत नाही.

यावरचा उपाय जुना आणि सुंदर आहे. छप्परच द्रवावर तरंगते ठेवायचे, म्हणजे पातळीबरोबर ते खालीवर होते आणि वाफेला साठायला जागाच राहत नाही. मग जपावी लागते ती छप्पर आणि भिंत यांमधली कडेची सीलपट्टी. ती झिजली, फाटली, की वरून जाणारा वारा फटीतली वाफ ओढून नेतो.

‘वास येत नाही, म्हणजे हवा चांगली’ हा समजही सोडायला हवा. बेंझिनचा वास बहुतेकांना जाणवतो तो मर्यादेच्या हजारपट वा त्याहून अधिक प्रमाण झाल्यावर. उलट मर्कॅप्टनसारखी गंधकाची संयुगे अतिसूक्ष्म प्रमाणातही नाक मुरडायला लावतात. हवा शुद्ध करणारी म्हणून विकल्या जाणाऱ्या मनी प्लांटच्या कुंड्यांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. हा दावा नासाच्या १९८९ च्या ज्या प्रयोगावर उभा आहे, तो बंद पेटीत झाला होता. उघड्या खिडकीतून तासाभरात जेवढी हवा आत-बाहेर होते, तिच्यापुढे कुंडीतल्या रोपाचे काम नगण्य ठरते.

मोजमाप कुंपणावरच व्हायला हवे. अमेरिकेत २०१५ च्या नियमानुसार शुद्धीकरण कारखान्याच्या कुंपणावर सर्व बाजूंनी शोषक भरलेल्या छोट्या नळ्या लावतात, ज्यांना वीज लागत नाही. दर दोन आठवड्यांनी त्या काढून त्यांतले बेंझिन मोजले जाते आणि सर्वांत जास्त नोंदीतून सर्वांत कमी नोंद वजा केली जाते. रस्त्यावरच्या वाहनांचे किंवा शहरभर पसरलेले बेंझिन सर्वच बाजूंच्या नळ्यांत येते, ते या वजाबाकीत बहुतांशी निघून जाते आणि उरलेला आकडा मुख्यतः कारखान्याचा ठरतो. त्याची वार्षिक सरासरी ९ मायक्रोग्रॅमच्या वर गेली, तर गळती शोधून ती थांबवणे कारखान्याला बंधनकारक आहे आणि या नोंदी सर्वांना पाहता येतात.