कोलिस्टिन: खाद्याच्या गोणीतून आयसीयूपर्यंत

१९५० च्या सुमारास अमेरिकेत ऑरिओमायसिन या अँटिबायोटिकच्या उत्पादनातला चोथा कोंबड्यांना घातला आणि त्या भराभर वाढू लागल्या. तेव्हापासून अँटिबायोटिकची चिमूट खाद्यात मिसळणं हा धंद्याचा भाग झाला. आजार बरा करायला लागते त्याहून ही मात्रा कितीतरी कमी, आणि घोळ तिथेच आहे. दुबळे जिवाणू मरतात, चिवट उरतात आणि आतड्यात मोकळी झालेली जागा तेच भरून काढतात. ब्रिटनच्या स्वान समितीने १९६९ मध्येच याबद्दल बजावलं होतं. युरोपीय संघाने वाढीसाठीचा हा वापर पूर्ण थांबवला तो २००६ साली!

कोलिस्टिन हे असंच एक अँटिबायोटिक, जपानमध्ये सापडलेलं जुनं औषध. मूत्रपिंडाला बाधतं म्हणून डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं होतं; पुढे इतर औषधं निकामी झाल्यावर आयसीयूत पुन्हा काढावं लागलं. खाद्यात मात्र ते स्वस्तात चालूच होतं.

नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी कोलिस्टिनला निकामी करणारं एमसीआर-१ हे जनुक जाहीर केलं. कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ मध्ये ते असलेले ई. कोलाय हे आतड्यातले जिवाणू निघाले. कोलिस्टिन जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावरच्या ऋण भाराला चिकटतं. हे जनुक तो भारच कमी करतं, मग औषधाला धरायला जागा राहत नाही. शिवाय ते प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर बसलेलं. एक जिवाणू दुसऱ्याला ते सहज देऊन टाकतो, जात वेगळी असली तरी. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली.

बंदीने औषध थांबतं, पसरलेलं जनुक नाही. कोंबडीची आतडी काढताना ती फाटली की विष्ठेतले जिवाणू मांसाला लागतात. पुढे तोच ओंडका, तोच सुरा, तेच बादलीतलं पाणी. इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. मांसात उरलेला औषधाचा अंश शिजवून पूर्ण जाईलच असं नाही. प्रतिरोधक, म्हणजे औषधाला न जुमानणारे जिवाणू मात्र इतर जिवाणूंसारखेच ७४ अंश सेल्सिअसला मरतात. म्हणून खळखळून उकळलेला रस्सा सहसा बाधत नाही. नळाखाली चिकन धुताना ओट्यावर उडालेले शिंतोडे आणि त्याच पाटावर चिरलेली कोशिंबिरीची काकडी बाधते.