रॉकेलच्या परातीपासून पार्ट्स वॉशरपर्यंत: धुण्याच्या द्रवाची पार्श्वभूमी

गिअरबॉक्स उघडला की धुवायचं कशात, हा प्रश्न येतोच. आपल्याकडच्या बहुतेक गॅरेजांत त्याचं उत्तर ठरलेलं असतं: रॉकेल, किंवा गावाकडच्या बोलीत घासलेट. हे काही कुणी तपासून निवडलेलं नाही. दिव्या-स्टोव्हसाठी ते घरोघर येत होतं, स्वस्त होतं, ग्रीस सोडवत होतं. म्हणून परातीत आलं. रेशनचं निळं रॉकेल स्वयंपाक आणि उजेड याखेरीज कशालाही वापरायला १९९३ च्या आदेशाने मनाई झाली, तरी कित्येक पराती निळ्याच राहिल्या. जगभरात पार्ट धुण्याच्या द्रवाची निवड थोड्याफार फरकाने अशीच झाली आहे. हाताशी काय आहे आणि आधीच्या द्रवाने काय घात केला, या दोन गोष्टींनी ती ठरवली. साफ किती होतं, हा प्रश्न नेहमी मागाहून आला.

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात पार्ट सर्रास पेट्रोलमध्ये धुतले जात. द्रवावर पेट घेण्याजोगी वाफ ज्या तापमानाला जमू लागते, तो त्याचा फ्लॅश पॉइंट. पेट्रोलचा तो शून्याखाली ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. म्हणजे थंडीच्या पहाटेसुद्धा त्याच्यावर पेट घेण्याजोगी वाफ असते. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते आणि पलीकडे चाललेल्या ग्राइंडरच्या ठिणगीपर्यंत पोचते. प्लास्टिकच्या बादलीत नायलॉनच्या ब्रशने घासलं तर तेवढ्या घर्षणाने साठलेली स्थिर वीजही पुरते.

फ्लॅश पॉइंट ही कल्पना दिव्याच्या तेलातून आली. रॉकेलमध्ये हलके अंश राहिले की दिवे भडकत, म्हणून ब्रिटनने १८७९ च्या कायद्यात सर फ्रेडरिक एबल या रसायनशास्त्रज्ञाचं, फ्लॅश पॉइंट मोजणारं बंद कपाचं उपकरण अधिकृत केलं आणि ७३ अंश फॅरनहाइटची मर्यादा घातली. सेल्सिअसमध्ये ती २२.८ होते. आपल्या पेट्रोलियम नियमांत आज २३ च्या खाली 'अ' वर्ग, २३ ते ६५ च्या आत 'ब' आणि ६५ ते ९३ च्या आत 'क' वर्ग आहे. पहिली रेषा अजून जवळपास तिथेच आहे.

दुसरी महत्त्वाची रेषा कपडे धुणाऱ्यांनी आखली. अमेरिकेत ड्रायक्लीनिंग पेट्रोलसारख्या द्रवात चाले आणि दुकानं पेटत. १९२० च्या दशकात अटलांटाचे ड्रायक्लीनर डब्ल्यू. जे. स्टॉडर्ड आणि मेलन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचे लॉइड जॅक्सन यांनी मिळून कमी पेटणारा खनिज द्रावक ठरवला. १९२८ मध्ये त्याचं अमेरिकी व्यापारी मानक झालं: फ्लॅश पॉइंट किमान १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस. हाच स्टॉडर्ड सॉल्व्हंट पुढे मोटार वर्कशॉपमध्ये आला. पार्ट्स वॉशरची ओळखीची रचना त्याच्याभोवतीच बसली: खाली ड्रम, वर उथळ टब, मधे पंप आणि फिल्टर. झाकणाच्या आधाराला कमी तापमानाला वितळणारा धातूचा दुवा असतो. टबात आग लागली की तो वितळतो, झाकण आपोआप पडतं आणि हवा तुटते. झाकण उघडं राहावं म्हणून तिथे तार बांधणारे महाभाग असतात. तार वितळत नाही.

आता हे आकडे नागपूरच्या मे महिन्यात ठेवून बघा. भारतीय मानकानुसार रॉकेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५, आणि एमटीओचा, म्हणजे स्टॉडर्डच्याच कुळातल्या आपल्या मिनरल टर्पेंटाइनचा, किमान ३०. बाहेर ४५, पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. अशा दुपारी उघड्या परातीतल्या 'सुरक्षित' रॉकेलवर पेट घेण्याजोगी वाफ असू शकते. म्हणून आपल्या हवेत निदान ६० च्या वरचा फ्लॅश पॉइंट धरावा. बाजारात डी-६०, डी-८० अशा नावांनी मिळणारे, अरोमॅटिक, म्हणजे उग्र वासाचे अंश काढलेले हायड्रोकार्बन त्यात बसतात, वासही सौम्य असतो. मात्र डी-८० हळू सुकतो. घाईत ओला पार्ट बसवला तर गॅस्केटखाली द्रावकाचा थर राहतो आणि सिलिकॉनचं सीलंट धरत नाही. पार्टवर पाणी टाकून पाहावं: पाण्याचा सलग पापुद्रा टिकला तर धातू स्वच्छ, थेंब तुटले तर तेल शिल्लक आहे. हवेने सुकवताना बेअरिंग गरगर फिरवू नये. वंगण नसताना गोळ्या आणि रेस, म्हणजे गोळ्या ज्यात फिरतात त्या कड्या, खरवडतात.

आग टाळण्याच्या नादात दुसरीकडे क्लोरीनवाले द्रावक आले. कार्बन टेट्राक्लोराइड पेटत नाही, उलट ते अग्निशामकांत भरलं जाई. पण ते यकृत आणि मूत्रपिंडं खातं, आणि तापलेल्या धातूवर त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघतो. मग ट्रायक्लोरोइथिलीन, आपल्याकडचं 'टीसीई', आलं. ते ८७ अंशांना उकळतं. टाकीत उकळवून त्याच्या वाफेत थंड पार्ट धरला की वाफ त्यावर द्रवरूप होऊन तेल घेऊन खाली गळते. साफसफाईत याला तोड नव्हती, हे मान्य करायलाच हवं. पण टाकीत ॲल्युमिनियमचा बारीक कीस साचला आणि आम्ल होऊ न देणारा स्टॅबिलायझर संपला की आम्ल तयार होऊन टाकी बिघडते. माणसांत ते कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये ठरवलं. कार्बन टेट्राक्लोराइड ओझोनच्या थराला घातक म्हणून बाद झालं. तो थर वाचवण्यासाठीच्या माँट्रियल करारात त्याचा समावेश १९९० च्या लंडन दुरुस्तीने झाला, आणि भारतात १ जानेवारी २०१० पासून ते अशा वापरातून गेलं. छोटे कारखाने त्यावरून बऱ्याचदा टीसीईकडेच वळले.

एक संकट टाळताना दुसरं ओढवण्याचं ठळक उदाहरण कॅलिफोर्नियातलं. तिथे क्लोरीनवाले ब्रेक क्लीनर मागे पडून हेक्सेनचे स्प्रे आले. १९९९-२००० मध्ये ते रोज वापरणाऱ्या मेकॅनिकांच्या हातापायांना बधिरपणा आणि अशक्तपणा येऊ लागला. हेक्सेन नसांवर घाला घालतं. ॲसिटोन सोबत असेल तर आणखी. डबा विकत घेताना 'नॉन-क्लोरिनेटेड' या शब्दावर समाधान मानू नये, घटकांत एन-हेक्सेन आहे का ते वाचावं.

त्याच काळात दक्षिण कॅलिफोर्नियाने हवेतलं धुरकं कमी करण्यासाठी बाष्पशील, म्हणजे चटकन उडून जाणाऱ्या द्रावकांवर कडक मर्यादा आणल्या आणि गॅरेजांना पाण्यावरच्या वॉशरकडे जावं लागलं. हा मार्ग आपल्यालाही सोसतो, पण त्याची शिस्त वेगळी. साधारण ३ ते ५ टक्के क्लीनर, म्हणजे १०० लिटर पाण्याला ३ ते ५ लिटर, आणि ५० ते ६० अंश तापमान. थंड पाण्यात तेच द्रावण नुसता फेस करतं. दख्खनच्या बोअरचं पाणी जड, त्याने हीटरवर क्षारांचा थर धरतो. कॉस्टिकवर चालणारी पावडर लोखंडाला चालेल, पण कार्ब्युरेटर, पिस्टन, ॲल्युमिनियमचं हेड त्यात टाकलं की बुडबुडे येतात, पृष्ठभाग काळवंडतो आणि धातू खाल्ला जातो. बाहेर काढलेल्या कास्ट आयर्नवर काही मिनिटांत तांबूस गंज चढतो, म्हणून धुतल्याबरोबर वाळवून तेलाचा हात फिरवावा.

ब्रेक सिलिंडरच्या रबराला यातलं काही लावू नये. ते ईपीडीएम जातीचं रबर रॉकेलने फुगतं आणि पिस्टन अडकतो. तिथे ताजं ब्रेक ऑइलच चालतं.

राहिला गाळ. खनिज द्रावक दोन ड्रमांत आलटून पालटून वापरला आणि रात्रभर निवळू दिला तर वरचा थर पुन्हा कामाला येतो. पंपाचं तोंड तळापासून चारेक इंच वर ठेवलेलं असतं ते याचसाठी. तळाचा चिखल आणि वापरलेला द्रावक २०१६ च्या नियमांनुसार धोकादायक कचरा ठरतो. तो ९० दिवसांहून जास्त साठवता येत नाही आणि तळोजा, रांजणगाव यांसारख्या केंद्रांकडे पाठवावा लागतो. काळ्या ऑइलच्या पिंपात तो कधी ओतू नये. थोडा क्लोरीनवाला स्प्रे त्यात गेला तरी ऑइल घेणारा अख्खं पिंप नाकारतो.