जाड साल, पातळ साल: मधुमेहासाठी घेतली जाणारी दालचिनी नेमकी कोणती?

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांच्या बोलण्यात साखरेचा विषय निघाला की दालचिनीचे नाव हमखास येते. कोणी रात्री भिजत घातलेल्या काडीचे पाणी पितो, कोणी कोमट पाण्याबरोबर चमचाभर पूड घेतो, तर कोणी आता कॅप्सूल सुरू केलेली असते. दालचिनीने साखर उतरते का, हे सर्वांनाच जाणून घ्यायचे असते. परंतु आपण घेतो ती दालचिनी कोणती, हे सहसा कोणी विचारत नाही. बाजारात एकाच नावाने दोन वेगळ्या झाडांच्या साली विकल्या जातात. साखर कमी होण्याबाबत जो काही थोडाफार पुरावा आहे, तो मुख्यतः एकीचा आहे. आणि निर्धास्तपणे घेता येईल असे जे म्हटले जाते, ते दुसरीबद्दल खरे आहे. घेणारा मात्र दोन्ही गुण एकाच पुडीत आहेत असे समजून चालतो.

पहिली सिलोन दालचिनी. ती मूळची श्रीलंकेची, आणि दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण तेज’ ही जातही याच झाडाची आहे. हिची साल कागदासारखी पातळ, फिकट तपकिरी आणि ठिसूळ असते. अनेक पापुद्रे एकात एक गुंडाळून तिची भरीव सुरळी होते. दुसरी कॅसिया, जी चीन, व्हिएतनाम आणि इंडोनेशियातून येते. तिची साल जाड, टणक आणि लालसर काळपट असते, एकाच थराची गुंडाळी होते किंवा नुसते वाकडे तुकडे मिळतात, आणि चव अधिक तिखट, झणझणीत लागते. खऱ्या दालचिनीची साल पेन्सिलीभोवती गुंडाळता येते, कॅसियाची येत नाही, ही घरच्या घरी पाहता येणारी खूण आहे. रविवार कारंजा परिसरात खडा मसाला घेताना नुसते ‘दालचिनी द्या’ म्हटले, तर बहुधा हातात जाड सालच पडते, कारण सिलोन दालचिनी तिच्या कित्येक पट महाग असते. पूड झाल्यावर तर डोळ्यांनी फरक ओळखणे जवळजवळ अशक्य होते.

आता पुराव्याकडे पाहू. दालचिनीची कीर्ती ज्या अभ्यासामुळे जगभर पसरली, तो 2003 साली पाकिस्तानातील 60 मधुमेही रुग्णांवर झाला. आधीची औषधे चालू ठेवून त्यांपैकी निम्म्यांना रोज 1, 3 किंवा 6 ग्रॅम दालचिनी दिली गेली, आणि 40 दिवसांनी त्यांची उपाशीपोटीची साखर 18 ते 29 टक्क्यांनी कमी झालेली आढळली. ही दालचिनी कॅसिया होती, आणि प्रत्येक मात्रेच्या गटात केवळ दहा माणसे होती, हे दोन्ही तपशील पुढे बातमीतून गळून गेले. नंतर नेदरलँड्स आणि अमेरिकेत झालेल्या छोट्या चाचण्यांत तसा परिणाम दिसला नाही. 2012 मध्ये कॉक्रेन या आढावा घेणाऱ्या संस्थेने 577 रुग्णांच्या 10 चाचण्या एकत्र तपासल्या आणि मधुमेहासाठी दालचिनीची शिफारस करण्याइतका पुरावा नाही असे सांगितले. त्या चाचण्यांतही बहुतांश कॅसियाच वापरलेली होती. 2013 च्या दुसऱ्या एका विश्लेषणात उपाशीपोटीची साखर सरासरी सुमारे 25 मिलिग्रॅमने उतरलेली दिसली, पण एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची साखर, लक्षणीय बदलली नव्हती. डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा यांचे भवितव्य या तीन महिन्यांच्या आकड्याशी अधिक जोडलेले असते. म्हणून एखाद्या सकाळचा ग्लुकोमीटरवरचा कमी आकडा पाहून हुरळून जाऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

सुरक्षिततेचा प्रश्न कूमरिन या सुगंधी द्रव्याशी निगडित आहे. ते सिलोन दालचिनीत नाममात्र असते, कॅसियात मात्र एका ग्रॅममध्ये सरासरी सुमारे 3 मिलिग्रॅम, आणि मालागणिक हे प्रमाण पुष्कळ बदलते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे 0.1 मिलिग्रॅम ठरवली आहे. म्हणजे 60 किलो वजनाच्या माणसाला दिवसाला 6 मिलिग्रॅम, आणि ती मर्यादा 2 ग्रॅम कॅसियानेच गाठली जाते. चहाचा एक चमचा पूड साधारण तेवढी किंवा त्याहून थोडी अधिकच भरते. अधूनमधून मर्यादा ओलांडल्याने सर्वांनाच त्रास होतो असे नाही, परंतु काही संवेदनशील माणसांच्या यकृताला इजा होते. औषध म्हणून महिनोन्महिने पूड गिळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायलाच हवे.

स्वयंपाकघरातल्या वापराला ही भीती लागू होत नाही. मसालेभातात पडणारा बोटभर तुकडा किंवा मिसळीच्या मसाल्यातला वाटा घरातल्या सगळ्यांत विभागला जातो. आयुर्वेदातही दालचिनी बहुधा मोजून, इतर द्रव्यांच्या सोबतीने येते: खोकल्यासाठी दिल्या जाणाऱ्या सितोपलादि चूर्णात खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलदोडा 2 आणि दालचिनी अवघा 1 भाग असते. तेव्हा ‘आपले पूर्वज खातच होते’ हा आधार रोजच्या चमचाभर पुडीला देता येत नाही.

कॅप्सूलच्या डबीवर नुसते ‘दालचिनी’ किंवा ‘दालचिनी अर्क’ लिहिलेले असेल, तर ती कोणत्या झाडाची हे ग्राहकाला कळत नाही. सिनामोमम व्हेरम किंवा सिनामोमम झेलॅनिकम असे नाव असेल तर ती सिलोन, आणि सिनामोमम कॅसिया असेल तर कॅसिया. मधुमेह बरा करण्याचा दावा छापलेला असेल, तर तशा जाहिरातीला 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मनाई आहे, आणि अशी डबी दुकानातच ठेवून यावी.

रोज दालचिनी घ्यायचीच असेल, तर ती सिलोन घ्यावी, आणि तिच्यासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी कमी करू नये, कारण सिलोन दालचिनीवर मधुमेहाच्या चाचण्या तुलनेने फार थोड्या झाल्या आहेत. ज्यांना यकृताचा जुना आजार आहे, जे वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध घेतात, किंवा ज्यांनी महिनोन्महिने जाड सालीची पूड घेतली आहे, त्यांनी पुढच्या तपासणीला जाताना ती पुडी सोबत न्यावी आणि रोज किती घेतो हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.