शस्त्रक्रियेतील प्रतिबंधक प्रतिजैविके

शस्त्रक्रियेच्या जागी जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून, संसर्गाचे कोणतेही चिन्ह नसताना, चीर देण्याच्या सुमारास अल्प काळ दिली जाणारी प्रतिजैविके. फुटलेले अपेंडिक्स किंवा आधीच पू झालेली जखम यांसाठी दिलेली प्रतिजैविके उपचारात मोडतात. ती या संज्ञेत येत नाहीत. प्रत्यक्ष व्यवहारात हा भेद सहज पुसला जातो आणि अतिवापराला तेथूनच वाट मिळते.

विसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रक्रियेनंतर खबरदारी म्हणून पेनिसिलिनसारखी औषधे देण्याची पद्धत पडली होती. पण जखमा पिकण्याचे प्रमाण त्यामुळे घटते असे दिसेना. याचे कारण वेळेत आहे, हे दाखवण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकन शल्यविशारद जॉन बर्क यांच्या १९६१ मधील प्रयोगांना दिले जाते. त्यांनी गिनीपिगच्या त्वचेत पूजनक स्टॅफिलोकॉकस जंतू टोचले आणि प्रतिजैविक वेगवेगळ्या वेळी दिले. जंतू शिरण्यापूर्वी किंवा शिरताना औषध ऊतकात असेल तर व्रण फारसा वाढत नसे. सुमारे तीन तासांनी दिलेले औषध न दिल्यासारखेच ठरे. मात्र जंतू शिरल्यानंतरचे पहिले काही तासच निर्णायक असतात, ही कल्पना १९५७ मध्ये ॲश्ली माइल्स यांच्या गटाने ब्रिटनमध्ये मांडली होती. त्या निबंधाच्या लेखकांत बर्कही होते. म्हणून ही दोन कामे प्रतिस्पर्धी न मानता एकाच संशोधनाचे टप्पे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. माणसांवरील पुराव्याचा आरंभ काही जण १९६४ मधील बर्नार्ड व कोल यांच्या अभ्यासापासून धरतात, तर काही जण पोल्क व लोपेझ-मेयर यांच्या १९६९ मधील पचनमार्गाच्या शस्त्रक्रियांवरील चाचणीपासून.

चीर देण्यापूर्वी नेमके किती वेळ आधी औषध द्यावे, हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी येथील २,८४७ रुग्णांच्या पाहणीत (१९९२) चिरेआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांत संसर्ग ०.६ टक्के होता. त्याहून आधी मिळालेल्यांत ३.८ टक्के, तर चिरेनंतर तीन तास उलटून गेल्यावर मिळालेल्यांत ३.३ टक्के. त्यानंतर साठ मिनिटांची मर्यादा रूढ झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये १२० मिनिटांची मर्यादा सांगताना औषधाचे अर्धायुष्य, म्हणजे शरीरातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा वेळ, लक्षात घेण्याची सूचना केली. स्वित्झर्लंडमधील पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या यादृच्छिक (कोणाला कोणत्या गटात घालायचे हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवलेल्या) चाचणीत (२०१७) भूल देण्याच्या खोलीत लवकर आणि शस्त्रक्रियागृहात थोडे उशिरा दिलेल्या औषधाच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. एकंदर पुरावा पाहता तासाभराच्या आतील मिनिटे मोजत बसण्यापेक्षा चिरेपूर्वी औषध पोचले की नाही, हे पाहणे महत्त्वाचे. सेफॅझोलिन हे या कामी नेहमी वापरले जाणारे प्रतिजैविक शिरेतून काही मिनिटांत देता येते. व्हँकोमायसिन सावकाश सोडावे लागत असल्याने ते आधी सुरू करतात. शस्त्रक्रिया चार तासांपलीकडे गेली किंवा रक्तस्राव फार झाला, तर सेफॅझोलिनची मात्रा पुन्हा देतात.

औषध कधी थांबवावे, याबाबत पुरावा अधिक स्पष्ट आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांवरील एका अभ्यासात (२०००) ४८ तासांपलीकडे औषध चालू ठेवल्याने संसर्ग घटला नाही, प्रतिरोधी जंतू मात्र वाढले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शस्त्रक्रिया संपल्यावर औषध लांबवू नये; निचऱ्याची नळी ठेवली आहे, हेही त्याचे कारण होऊ शकत नाही.

रुग्णालये नेमकी कोठे चुकतात, हे अमेरिकेतील २००१ सालच्या ३४,१३३ रुग्णांच्या नोंदींवरून कळते. योग्य औषध ९२.६ टक्के रुग्णांना मिळाले होते. पण चिरेआधीच्या तासाभरात ते ५५.७ टक्क्यांनाच मिळाले आणि शस्त्रक्रियेनंतर २४ तासांत ४०.७ टक्क्यांचेच थांबले. म्हणजे दोष ज्ञानापेक्षा व्यवस्थेत अधिक होता. वॉर्डातून बोलावणे येताच इंजेक्शन द्यायचे आणि मग रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर ताटकळायचा, अशा पद्धतीत वेळ पाळणे अशक्यच असते. त्यामुळे ही जबाबदारी भूलतज्ज्ञाकडे सोपवणे, औषध शस्त्रक्रियागृहातच ठेवणे, आदेशपत्रावर औषध थांबवण्याची वेळ आधीच छापणे आणि प्रत्येक विभागाला त्याचे आकडे नियमित दाखवणे हे उपाय पुढे आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ मधील सुरक्षा तपासणी-यादीत गेल्या साठ मिनिटांत प्रतिजैविक दिले का, हा प्रश्न चिरेपूर्वी मोठ्याने विचारायचा असतो. ही यादी आठ शहरांतील रुग्णालयांत तपासली गेली; त्यांत दिल्लीही होती.

भारतात औषधाची निवड हाही प्रश्न आहे. पुष्कळ शस्त्रक्रियांना सेफॅझोलिन पुरेसे असताना सेफ्ट्रायॲक्सोनसारखी तिसऱ्या पिढीची (त्याच कुळातील नंतरची, अधिक प्रकारच्या जंतूंवर चालणारी) औषधे सर्रास वापरली जातात आणि घरी जाताना पाच-सात दिवसांच्या गोळ्याही लिहून दिल्या जातात. प्रतिजैविक-प्रतिरोधाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ मध्ये आला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने रुग्णालयांतील प्रतिजैविकांच्या वापरावर देखरेखीसाठी मार्गदर्शन केले आहे.

सिझेरियनमध्ये बाळाला औषध पोचू नये म्हणून नाळ चिमटल्यानंतर इंजेक्शन देण्याची प्रथा दीर्घकाळ होती. आता तेथेही ते चिरेपूर्वीच द्यावे, अशी शिफारस आहे.